सगळ्या गाड्यांना एकच पाटी

सातारा,
४ ऑगस्ट १९९९

श्री. राजरत्न होवाळ यांस,
सप्रेम जयभीम.

आज सकाळी सहाला उठलो. घर झाडून घेतलं. दहा वाजता पोस्टात जाऊन आंतर्देशीय पत्रं आणली. दुपारी जेवून प्रशांतचा कॉम्प्युटर लावला. तो चालू झाला, पण आवाज आला नाही. म्हणून हे पत्र.

तुम्ही आणि तो सांगलीत तीन वर्षं एका खोलीत राहिलात. तो गेल्यावर मार्चमध्ये हे मशीन तुम्हीच टेम्पोतून आणून इथे जोडून दिलंत. त्यात त्याने केलेला गाड्यांचा प्रोग्राम आहे. यादीतल्या गाडीवर दाबलं की प्रशांतच्या आवाजात त्या गाडीची घोषणा होते. मी सातारा स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो आणि बत्तीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारल्या, हे तुम्हाला माहीत आहे. तेच काम यंत्राने कसं होईल, हे त्याला करून बघायचं होतं. एकोणीस गाड्या त्याने बोलून ठेवल्या आहेत.

मी रोज दुपारी एक गाडी लावत असे. एकच. आठ दिवस झाले, यादी दिसते, दाबता येतं, पण आवाज येत नाही. घरात पोराचे फोटो आहेत. आवाज मात्र या मशीनशिवाय कुठेही नाही.

काय करावं ते कळवा.

आणखी एक विचारायचं होतं. दवाखान्यातल्या त्या दोन दिवसांत तो काही बोलला का? सवडीने लिहा.

आपला,
आप्पासाहेब रणदिवे

•

सांगली,
१२ ऑगस्ट १९९९

आदरणीय काका,
जयभीम.

पत्र मिळालं. अजिबात काळजी करू नका. दहातल्या नऊ वेळा वायर निघालेली असते. आमच्या क्लासमध्ये परवा एक मॅडम म्हणाल्या, "सर, कॉम्प्युटर मुका झाला." जाऊन बघतो तर स्पीकरची वायर उंदराने कुरतडलेली. मालक म्हणतात, "होवाळ, उंदराचीपण फी लावा आता."

तुम्ही एवढं बघा. मागे हिरव्या भोकात वायर घट्ट आहे का? स्पीकरचा दिवा लागतो का? प्रशांतच्या कपाटात गाण्यांच्या सीडी आहेत, त्यातली एक लावून बघा. गाणं वाजलं तर स्पीकर ठीक आहे, असं समजायचं.

मी स्वतः आलो असतो, पण बॅच चालू आहे आणि दिवाळीपर्यंत सुट्टी मिळणार नाही.

तुमचा,
राजरत्न

•

सातारा,
२० ऑगस्ट १९९९

श्री. राजरत्न यांस,
जयभीम.

वायर घट्ट आहे. दिवा लागतो. सीडीवरचं गाणं वाजलं. मी ते लगेच बंद केलं.

प्रशांतने पडद्यावर आवाज कमीजास्त करायची एक खिडकी ठेवली आहे. ज्या प्रोग्रामचा आवाज चालू असतो त्याची तिथे एक ओळ येते. गाडीवर दाबलं की ओळ येते, पण माझा माऊस तिथे पोचेपर्यंत निघून जाते. ओळीवर प्रशांतच्या प्रोग्रामचं नावही नसतं. दुसरंच काही इंग्रजी नाव असतं.

शेजारचे लालासाहेब हवालदार काल विचारत होते. फौजेतून निवृत्त झालेला माणूस. जानेवारीत प्रशांत मशीन घेऊन इथे आला होता तेव्हा त्याने त्यांना टँकच्या लढाईचा खेळ शिकवला होता, आणि मार्चपासून ते रोज तीन वाजता येऊन खेळत.

"आवं आप्पा, मशीन बिघडलं म्हनं?"

"आवाज गेलाय."

"मग बिनआवाजाचं खेळतो की. शत्रूला कुटं आवाज दिऊन गोळी घालायची असती?"

मी म्हणालो, नंतर बघू. ते गेले. अजून आलेले नाहीत.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पत्रात राहिलं.

आपला,
आप्पासाहेब रणदिवे

•

सांगली,
२ सप्टेंबर १९९९

आदरणीय काका,
जयभीम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ओळीवर दुसरंच नाव असतं, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी आमच्या मशीनवर तसंच करून बघतोय.

एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका. आवाज जायच्या आधी त्या खिडकीत कुणी काही हलवलं होतं का? आणि लालासाहेबांचा खेळ आत्ता चालू करून बघाल का? त्याचा आवाज येतो का, तेवढंच कळवा.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल समक्ष बोलू. पत्रात नीट लिहिता येत नाही.

तुमचा,
राजरत्न

•

सातारा,
९ सप्टेंबर १९९९

श्री. राजरत्न यांस,
जयभीम.

खेळ चालू करता येणार नाही. मी तो पुसून टाकला आहे.

हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. सत्तावीस जुलैला प्रशांतचा वाढदिवस होता. पंचवीस पूर्ण झाले असते. सकाळी बुद्धवंदना घेतली. आटपाडीहून आमच्या लेकीची, मायाची चिठ्ठी आली होती, ती वाचली. तीन वाजता लालासाहेब नेहमीसारखे आले आणि खेळायला बसले. आज कोणता दिवस आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. गोळ्या सुटायला लागल्या, टँक फुटायला लागले. "आप्पा, बारावी पायरी गाठली गड्या!" असं ते ओरडले. मी त्या खिडकीत जाऊन दिसली ती ओळ शून्यावर नेली. त्यांनी वर बघितलं आणि डाव पुरा करून गेले. ते गेल्यावर मी खेळच काढून टाकला. कसा काढायचा ते प्रशांतने वहीत लिहून ठेवलं आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी लावली तर आवाज नाही.

मला वाटतं, खेळाबरोबर मी त्याचा आवाजही पुसला. हे लिहायला मला सहा आठवडे लागले. तसं झालं असेल तर सरळ सांगा. तो खेळ लालासाहेबांना त्यानेच दिला होता. कुणाच्या हातात त्याने दिलेली वस्तू मी काढून घेतली आणि त्याच्याच आवाजाला मुकलो, असं असेल तर तेही मला कळायला हवं.

आप्पासाहेब रणदिवे

•

सांगली,
१४ सप्टेंबर १९९९

आदरणीय काका,

काहीही पुसलेलं नाही. हे वाक्य आधी लिहून मग जयभीम घालतो. जयभीम.

एकोणीसच्या एकोणीस गाड्या जागच्या जागी आहेत. काय झालं ते सांगतो.

आवाज काढायचं काम प्रत्येक प्रोग्रामवाला स्वतः लिहीत बसत नाही. चित्रं, गाणी, आवाज यांसाठी एक तयार लायब्ररी मिळते, फुकट, परदेशातल्या लोकांनी मिळून लिहिलेली. टँकच्या खेळाने ती जोडली होती. प्रशांतनेही तीच जोडली. आता ही लायब्ररी मशीनकडे आवाज पाठवते तेव्हा, कुणाचा आवाज आहे, ते तिला सांगावं लागतं. तिने प्रोग्रामचं नाव सांगायला पाहिजे. पण ती सगळ्यांसाठी स्वतःचंच नाव सांगते. तेच इंग्रजी नाव तुम्हाला दिसलं.

आणि ती खिडकी प्रत्येक नावापुढे आवाज किती ठेवायचा ते लक्षात ठेवते. तुम्ही खेळाचा आवाज शून्यावर नेलात. तिने त्या नावापुढे शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी प्रशांतचा प्रोग्राम त्याच नावाने आला, म्हणून त्यालाही शून्य. खेळ असता तर त्याची ओळ टिकून राहिली असती, तुम्ही ती वर नेली असती आणि काम झालं असतं. घोषणा सहा-सात सेकंदांची, ती माऊसला कुठे सापडणार!

चूक तुमची नाही, लायब्ररीची आहे. मी तिचं लिखाण उघडून बघितलं. एका ठिकाणी नाव कायमचं लिहून टाकलंय.

दोन उपाय आहेत. एक, मी खाली लिहिलेली आज्ञा टाइप करा, शून्य पुसलं जाईल आणि आवाज येईल. पण पुन्हा कुठला आवाज कमी केलात तर पुन्हा हेच होणार. दुसरा, मी लायब्ररीच दुरुस्त करतो. वेळ लागेल.

तुमचा,
राजरत्न

•

सातारा,
२१ सप्टेंबर १९९९

श्री. राजरत्न यांस,
जयभीम.

पत्र मिळालं. त्या दिवशी दोन वेळा जेवलो.

तुमची आज्ञा टाइप केली नाही. तीत कंस आणि तिरप्या रेघा आहेत. एकदा मी न समजता हात लावला, आता पुन्हा लावत नाही. आवाज आत आहे एवढं कळलं, ते पुरे. तुमची दुरुस्ती पक्की होऊ द्या. मी थांबतो.

तुम्ही सांगितलेली अडचण मला समजली. आमच्या स्टँडवर गाडीची पाटी म्हणजे तिचं नाव. समजा आगारातून निघणाऱ्या सगळ्या गाड्यांना पाटी लावणाऱ्याने एकच पाटी लावली, आगाराच्या नावाची. मग वाईची गाडी रद्द झाली असं पुकारलं की मलकापूरचीही माणसं उतरून घरी जातील. इथे तेच झालेलं दिसतं.

एक विचारतो. तुम्ही प्रोग्रामचं नाव सांगायला लावाल, पण एखाद्याने नावच दिलं नसेल तर? आमच्याकडे पाटी पडलेली गाडी पुष्कळदा यायची. तेव्हा नियम असा होता. पाटी असेल तर पाटीवरून पुकारायचं. नसेल तर गाडीचा नंबर वाचायचा, तो पत्र्यावर रंगवलेला असतो, पडत नाही. नंबरही चिखलाने दिसत नसेल तरच आगाराचं नाव घ्यायचं. न पुकारता गाडी सोडायची नाही.

तुमच्या कामात असा पत्र्यावरचा नंबर असतो का?

आपला,
आप्पासाहेब रणदिवे

•

सांगली,
२८ ऑक्टोबर १९९९

आदरणीय काका,
जयभीम.

पत्राला उशीर झाला, पण काम झालं.

असतो. पत्र्यावरचा नंबर म्हणजे प्रोग्रामच्या फाइलचं नाव. तो कुणाला लपवता येत नाही. मी पहिल्यांदा फक्त पाटीची सोय करून ती लायब्ररी सांभाळणाऱ्याला इ-मेल केली. इथल्या कॅफेत तासभर बसून. चार दिवसांनी त्याचं उत्तर आलं, "ज्यांनी नाव दिलेलं नाही त्या जुन्या प्रोग्रामांचं काय?" मी मांडीवर थाप मारली. कॅफेवाला म्हणाला, "काय रं, नोकरी लागली काय?" मी म्हणालो, "न्हाई गड्या, एसटीचा नियम लागला." तुमचा नियम जसाच्या तसा लिहून पाठवला. आधी दिलेलं नाव, ते नसेल तर फाइलचं, तेही नाही मिळालं तर लायब्ररीचं. त्याने घेतला. पुढच्या आवृत्तीत तो सगळ्या जगात जाईल.

दुरुस्ती कुणी केली ते तिथे लिहितात. मला तिथे प्रशांतचं नाव लिहायचं आहे. तुमची परवानगी हवी.

सोबत फ्लॉपी आहे. दुरुस्त लायब्ररी आणि टँकचा खेळ दोन्ही तीत आहेत. तीनच ओळी टाइप करायच्या, कंस नाही, रेघ नाही. वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिल्यात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. समक्ष बोलू असं मी लिहिलं, पण मी दिवाळीतही येणार नाही, हे मला माहीत आहे. सुट्टीचं कारण खोटं होतं.

दवाखान्यात नेलं त्या संध्याकाळी तो म्हणाला, "आप्पांना कळवू नको. कावीळ तर हाय. उगं हातातलं टाकून पळत येतील." माझ्याकडून शब्द घेतला. मी तरीही खाली बूथवर गेलो आणि तुमच्या घरी फोन नाही म्हणून शेजारच्या लालासाहेबांचा नंबर फिरवला. घंटा वाजली. कुणी उचलायच्या आत मी फोन ठेवला. दुसरा दिवस तसाच गेला. तो पुष्कळ झोपून होता. तिसऱ्या दिवशी उजाडताना त्यानेच डोळे उघडले आणि म्हणाला, "राज्या, आता आप्पांना बोलव." मी फोन केला. तुम्ही दीड वाजता पोचलात. तो अकरा वाजता गेला होता.

तो हेच बोलला. त्यानंतर काही बोलला नाही. मी पहिल्या संध्याकाळी फोन धरून ठेवला असता तर तुमची भेट झाली असती.

राजरत्न

•

सांगली,
२९ नोव्हेंबर १९९९

आदरणीय काका,

महिना झाला. फ्लॉपी पोचली की नाही, एवढंच दोन ओळींत कळवलंत तरी चालेल. बाकी काही लिहू नका.

राजरत्न

•

सातारा,
११ डिसेंबर १९९९

चि. राजरत्न यास,
अनेक आशीर्वाद.

फ्लॉपी तीन नोव्हेंबरलाच पोचली. मी पत्र वाचलं आणि दोन्ही कपाटात ठेवली. राग आला होता, म्हणून लिहिलं नाही. रागात लिहिलेलं परत घेता येत नाही.

त्या दिवशी मी मिळाली त्या गाडीने निघालो होतो. कराडला ती पंधरा मिनिटं थांबली. मी ड्रायव्हरला जाऊन सांगू शकलो असतो, तो ओळखीचा होता. सांगितलं नाही. वेळेआधी गाडी सोडायची नाही, हे मीच त्याला शिकवलेलं. म्हणजे त्या दिवशी आपण दोघांनीही दिलेला शब्द पाळला, तू त्याला दिलेला आणि मी माझ्या नोकरीला. आता यावर आणखी काही बोलायचं नाही. त्याने मला बोलावलं होतं, हे तू सांगितलंस. ते मला माहीत नव्हतं. नऊ महिने मला वाटत होतं की त्याला माझी आठवणही झाली नसेल.

दुरुस्तीवर प्रशांतचं नाव लिहू नकोस. काम तू केलंस. ज्याची गाडी त्याचीच पाटी. माझंही लिहायचं नाही, तो नियम खात्याचा होता.

काल लालासाहेबांकडे गेलो. ते ओट्यावर दात कोरत बसले होते. म्हणालो, "खेळ आलाय."

"कुटं गेला हुता?"

"मी काढला होता. त्या दिवशी प्रशांतचा वाढदिवस होता."

त्यांनी हातातली काडी टाकून दिली. मग म्हणाले, "आवं, मग तवाच सांगायचं न्हाई व्हय? मी काय गोळ्या झाडत बसलो असतो? तुमी बी लय घुमं बघा आप्पा." असं म्हणून चप्पल घातली आणि माझ्याबरोबर आले. तीन ओळी त्यांनी मोठ्याने वाचल्या, मी टाइप केल्या. "सावधान" म्हटल्यासारखे वाचत होते.

खेळ चालू झाला. खिडकीत त्याची ओळ आली, खेळाच्याच नावाची. मी ती पाव भागावर आणली. लालासाहेब म्हणाले, "शून्य करा की." मी म्हणालो, "असू द्या." तासभर खेळले. आता पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावं लागेल म्हणून कुरकुरत गेले.

ते गेल्यावर मी प्रशांतचा प्रोग्राम लावला. सांगली–सातारा गाडीवर दाबलं. आवाज येण्याच्या आधी खिडकीत ओळ दिसली, म्हणून पहिल्यांदा मी ती वाचली. इंग्रजी अक्षरांत लिहिलं आहे, "चाचणी ३". त्याने दिलेलं नाव ते. मला वाटलं होतं काही वेगळं असेल. मग लक्षात आलं, त्याचं काम पुरं झालेलं नव्हतं. पुरं झाल्यावर तो नाव ठेवणार होता. तू बदलून देशील हे मला माहीत आहे. बदलू नकोस. जे आहे ते बरोबर आहे.

मग आवाज आला. सांगलीहून आलेली, इस्लामपूर, कराडमार्गे सातारा. फलाट क्रमांक चार. घसा थोडा बसलेला आहे. इस्लामपूर म्हणताना दम कमी पडतो आणि कराडच्या आधी तो श्वास घेतो. तो श्वास ऐकू येतो. जानेवारीत त्याने मला हे ऐकवलं तेव्हा मी म्हणालो होतो, "श्वास नावांच्या मध्ये घेऊ नये, माइकमध्ये येतो." तो म्हणाला, "आप्पा, एकदा तरी चांगलं म्हणा की." मी म्हणालो, "फलाट बरोबर आहे."

एकच गाडी लावायची असा माझा नियम आहे. काल मी तीच गाडी चार वेळा लावली.

सुट्टी मिळो न मिळो, एकदा ये. खोलीत त्याची गादी आहे. कॉम्प्युटर सोडून दुसरं काही बोलायचं झालं नाही तरी चालेल.

मशीन बंद केलं, त्यावर कापड टाकलं. डाळ निवडायची राहिली होती, ती ताटात घेऊन दाराशी उजेडात बसलो आणि निवडली.

तुझा,
आप्पा